दुसऱ्यांदा न विचारणारा माणूस

रजब १९

हात कापतो आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे. शहाबंदरांच्या कचेरीत माझ्या अक्षराचं कौतुक होतं. आजचं पान कुणी पाहिलं तर म्हणेल, कोंबडी चालून गेली.

फिरंग्यांची जहाजं आली. दक्षिणेकडच्या कल्हात बंदरावरूनच माघारी जातील असं शहाबंदर म्हणत होते, आणि बंदराचा सगळा कारभार ज्यांच्या हातात त्यांचं खोटं कसं मानायचं? पण गेल्या आठवड्यात कल्हातहून पळून आलेल्या माणसांत एकाच्या डोक्याला, कान असतात तिथे, सपाट फडकं गुंडाळलेलं होतं. ते सोडून दाखव असं त्याला कुणी म्हटलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी सगळं हुर्मुझ गच्चीवर चढलं होतं. कुणी म्हणे सहा जहाजं, कुणी म्हणे आठ. मी मोजली नाहीत, माझे डोळे तोफांच्या भोकांवर होते. आई मात्र जहाजांकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या पलीकडे, मुख्य किनाऱ्याकडे बघत होती. म्हणाली, "इमाद, हे मध्येच नांगर टाकून बसलेत. आता पाण्याच्या होड्या कुठून यायच्या?"

या बेटावर मीठ आहे, गंधक आहे, जगभरचा माल आहे. गोडं पाणी मात्र सगळं पलीकडून येतं. मी म्हटलं, व्यापारी लोक आहेत, बोलणी करतील. ती खाली गेली आणि ज्या लाकडी टबात आम्ही उन्हाळ्याच्या दुपारी बसतो, त्यातलं पाणी तिने गाळून रांजणात भरलं. मला शिसारी आली, पण बोललो नाही.

संध्याकाळी शहाबंदरांचा निरोप आला. उद्या वकिलांबरोबर दुभाषी म्हणून मी जायचं. पोट बिघडलंय असं कळवावं म्हणून कागद घेतला. मग वाटलं, अशा दिवशी पोट बिघडलं तर वजीरसाहेब ते कायमचं बरं करतील.

रजब २०

जाऊन आलो. दोनदा ओकलो, एकदा जाताना, एकदा येताना. मध्ये जे झालं ते त्याहून वाईट.

आमचे वकील म्हणजे ख्वाजा नेमत. त्यांच्याइतका सभ्य माणूस या आखातात नाही. दारातून आधी कोणी जायचं यावरून त्यांचा आणि बसऱ्याच्या एका काझीचा अर्धा दिवस गेला होता, असं लोक कौतुकाने सांगतात. फिरंग्यांचा कप्तान डुआर्त म्हणून आहे. बुटका, उन्हाने सोललेल्या नाकाचा. त्याच्या बाजूला त्याचा दुभाषी हमदून. ख्रिस्ती राजांनी जिंकून घेतलेल्या ग्रॅनाडाचा मूळचा अरब, आता त्यांचा नोकर. ख्वाजा फारसीत बोलणार, मी ते अरबीत सांगणार, हमदून पुढे फिरंग्यांच्या भाषेत.

ख्वाजांनी छातीवर हात ठेवून सुरुवात केली. हे शहर आपलंच आहे, ही घरं आपली, आम्ही आपल्या दाराचे चाकर. मी सांगितलं. हमदून क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं, मग त्यानेही सांगितलं. कप्तानाने मान हलवली आणि म्हणाला, "घेतलं." लगेच कागद मागवला आणि लिहून घेतलं की हुर्मुझच्या वकिलाने शहर फिरंग्यांच्या राजाच्या हवाली केलं.

ख्वाजा माझ्याकडे बघत राहिले. आपल्याकडे पाहुण्याला घर द्यायचं असतं. तो दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा आग्रह झाला की एक खजूर उचलतो. या माणसाने घर उचललं.

मी समजावायला पुढे झालो. हमदून हळू आवाजात माझ्याशी अरबीत बोलला, "आज नको. आज तो खुशीत आहे, त्याची खुशी मोडू नकोस."

रजब २१

वजीरसाहेबांपुढे उभं राहायची पाळी आली. ख्वाजा नेमत म्हणाले, दुभाष्याकडून काहीतरी चुकलं असावं. इतक्या गोडीने म्हणाले की मीच होकार देणार होतो. सगळ्यांसमोर माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते, अंगरखा लांब म्हणून निभावलं. मग सांगितलं, साहेब, हे लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. त्यांना जे द्यायचं नाही, ते देतो म्हणूच नका. वजीरसाहेब म्हणाले, शहाणा आहेस. कागदातून ते शब्द काढून आण, पुढची बोलणी तूच कर.

कप्तानाची अट अशी की तह होईपर्यंत दरबारातल्या घरांतली माणसं ओलीस म्हणून जहाजावर ठेवायची. वजीरसाहेबांनी सर्वांसमक्ष आधी स्वतःच्याच मुलाचं नाव घेतलं. डोळे पाणावले होते त्यांचे. अशा वेळी कोण गप्प बसेल? मी पुढे होऊन म्हटलं, "हुजूर, असं कसं होईल? आमच्या घरात माणसं नाहीत का? माझा भाऊ आहे." आता रीत अशी की त्यांनी छे छे म्हणायचं, मी पुन्हा म्हणायचं, त्यांनी मला मिठी मारायची आणि मुलालाच पाठवायचं. त्यांनी मिठी मारली. मधलं राहून गेलं. घाईत होते बिचारे.

"तुझा भाऊ म्हणजे माझाच मुलगा," असं मात्र म्हणाले. दरबारात कुणाला एवढा मान मिळालेला मी पाहिला नाही.

घरी सांगितलं. दाराब ऐकून हसला, पण त्याची बायको माहरुख तिथेच खाली बसली. सातवा महिना आहे तिला. आईने एवढंच विचारलं, "वजिराचा मुलगा कुठे आहे?"

"घरी."

"बरं," म्हणाली आणि तंदूरकडे वळली.

रजब २२

दाराब गेला. त्याच्याबरोबर आणखी तिघं, ख्वाजांचा एक पुतण्या आणि दोघं लहान घरांतले.

निघालेल्याच्या पाठीमागे पाणी ओतायचं, म्हणजे तो वाहत परत येतो. आमच्याकडे त्यासाठी समुद्राचं खारं पाणी वापरतात; गोडं पाणी जमिनीवर सांडणं म्हणजे पापच, त्यात आज टाक्या निम्म्यावर आलेल्या. आईने गोड्या पाण्याचा भरलेला तांब्या घेतला आणि दारातून गल्लीच्या मधोमध ओतला. शेजारच्या बाया डोळे फाडून बघत होत्या. एक काहीतरी पुटपुटली तेव्हा आई म्हणाली, "माझ्या वाटणीचं आहे. मी आज पिणार नाही." आणि खरंच प्यायली नाही.

धक्क्यावर मला रडू यायला लागलं. दाराब मला चिडवायला लागला. लहानपणी काकांकडे हलवा आला होता. मी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आधी काकांना कुणीतरी बाहेर बोलावलं. ताट पुढे गेलं. माझा वाटा दाराबने खाल्ला आणि मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलो. दर ईदेला तो ही गोष्ट सांगतो. आज म्हणाला, "दादा, मला न्यायला येशील तेव्हा तुझी सभ्यता घरी ठेवून ये. या वेळी ताटात हलवा नाही, मी असेन."

मी त्याला रागावलो. मोठ्या भावाशी असं बोलतात का?

रजब २६

पाण्याच्या होड्या कप्तान अडवतो. मनात आलं की दोन-चार सोडतो, पुन्हा बंद. हौदाच्या तळाशी हिरवट राहिलं आहे, त्याला मासळीचा वास येतो. घराघरांतले टब कोरडे पडले. घरांत गार वारा खेचणारे छपरांवरचे वाऱ्याचे मनोरे तापून भट्टीसारखा वारा खाली सोडतात. माहरुखचे ओठ फुटलेत. आई स्वतःचा पेला तिच्यापुढे सरकवते आणि ती नको म्हणते, आणि आई तो तिच्या तोंडाला लावते. आमच्या घरात इतका आडमुठा आग्रह मी कधी पाहिला नव्हता.

मी रोज जहाजावर जातो. जीव मुठीत धरून शिडी चढतो. दाराबला भेटू देतात. तो खलाशांकडून सोंगट्यांसारखा काहीतरी खेळ शिकला आहे. हसतो, पण हात धरला तर सोडत नाही. म्हणाला, ख्वाजांचा पुतण्या रात्रभर झोपेत बोलतो. मी विचारलं, तू? म्हणाला, मी झोपतच नाही.

आज हमदूनने मला एका बाजूला घेतलं. म्हणाला, "मुनशी, आमच्या गावातही तीनदा विचारत. हा माणूस एकदाच विचारतो. मलाही एकदाच विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

त्याने गळ्यातल्या क्रूसाला हात लावला आणि दोर गुंडाळू लागला.

मी त्याला सांगितलं की हे मला शिकवायची गरज नाही, आख्ख्या दरबाराला मीच हे समजावतो आहे.

शाबान २

शब्द काढले. आज मी हे पान सावकाश लिहितो आहे, कारण माझ्या हातून आयुष्यात एवढं मोठं काम झालेलं नाही. कागदावरचं 'शहर हवाली केलं' हे खोडून तिथे 'दोस्ती केली' असं आलं. त्याबदल्यात वार्षिक खंडणी आणि बेटाच्या टोकावर त्यांचा कोट बांधायला जागा. जागा फक्त. कप्तानाशी बोलताना मी एक शब्दही जास्तीचा बोललो नाही. हमदूनने मान डोलावली.

परत येताना होडीत ओकलो नाही.

वजीरसाहेब प्रसन्न आहेत. पाण्याच्या होड्या सुटल्या आणि त्यांतूनच कोटाच्या कामासाठी पलीकडून मजूरही आणले. आज धक्क्यावर त्यांची नावं लिहीत होतो. इतके धडधाकट मजूर मी पाहिले नाहीत. फावड्याचे घट्टे मात्र एकाच्याही तळव्यावर नव्हते. उजव्या अंगठ्याचं कातडं तेवढं सगळ्यांचं सोलवटलेलं. विचारलं तर म्हणाले, दोर ओढून ओढून. कापडात गुंडाळलेल्या लांब मोळ्या होत्या बरोबर. पायाडाचं लाकूड असेल. वजीरसाहेब तहाच्या कामात इतका उत्साह दाखवतील असं वाटलं नव्हतं.

शाबान ५

जहाजावर तहाच्या शपथा झाल्या. त्यांनी त्यांच्या ग्रंथावर हात ठेवला, ख्वाजा नेमतांनी आपल्या. वजीरसाहेबांना ताप आला म्हणून ते आले नाहीत. नंतर जेवण होतं. मी फक्त डाळिंब खाल्लं.

निघायच्या वेळी कप्तानाची नजर माझ्यावर पडली. चेहरा लाल, खुशीत होता. हमदूनकरवी म्हणाला, "हा दुभाषी कामाचा माणूस. याचा भाऊ आमच्याकडे आहे ना? घेऊन जा त्याला, आजच."

दाराब डोलकाठीपाशी उभा होता. गाठोडं बांधून काखेत धरलेलं.

मी छातीवर हात ठेवला. म्हटलं, "हुजूर, तो आपल्याच घरी आहे. आपल्या सावलीत असताना त्याला घाई कसली?"

एवढ्या मोठ्या माणसापुढे, सगळ्यांच्या देखत, पहिल्याच शब्दाला हात पुढे करायचा, हे बरं दिसलं नसतं. वाक्यही चांगलं जमलं होतं. कप्तानाने मान हलवली, कुणीतरी सुरई पुढे केली, तो तिकडे वळला. आम्ही होडीत उतरलो.

हमदूनने तोंड फिरवलं होतं. दाराबकडे मी हात केला, त्याने केला नाही. थकला असेल. उद्या मी पुन्हा जाणारच आहे, खंडणीच्या तपशिलासाठी. तेव्हा विषय निघेलच.

छातीत उगाच धडधडतं आहे. डाळिंब बाधलं असावं.

शाबान ६, सकाळ

घरी मी काल काही बोललो नव्हतो. सकाळी भाकरी वाढताना आईने विचारलं, कप्तान दाराबबद्दल काही म्हणाला का. मी म्हटलं, हो, घेऊन जा म्हणाला.

तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "मग?"

"मग मी रीतीप्रमाणे म्हटलं, घाई नाही."

"किती वेळा विचारलं त्याने?"

"एकदाच," असं म्हणताना माझं मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. आईने भाकरी परत टोपलीत ठेवली. माहरुख उठून आत गेली.

मी अनवाणी धक्क्यावर पळालो. होडी मागितली. पहारेकरी म्हणाला, आज एकही होडी सुटणार नाही, वजीरसाहेबांचा हुकूम. मी शहाबंदरांच्या दारावर लाथा मारल्या. मी, लाथा. ते बाहेर आले आणि म्हणाले, "इमाद, घरी जा आणि खिडक्या लावून घे." तेव्हा मला ते अंगठे आठवले. अंगठ्याचं कातडं धनुष्याच्या दोरीने सोलवटतं हे आखातातलं शेंबडं पोरही सांगेल.

शाबान ७

वजिरांच्या मजुरांनी काल दुपारी कोटाच्या पायाजवळ उतरलेल्या फिरंग्यांवर बाण सोडले. थोडेच जहाजाकडे परत गेले. मग तोफा.

मी आणि आई आणि माहरुख जिन्याखाली. प्रत्येक गोळ्याला माहरुख पोट धरते. शेजारच्या घराचा वाऱ्याचा मनोरा पडला, आमच्या अंगणात विटा आल्या. मी नमाजाचे शब्द विसरलो. एकच गोष्ट डोक्यात: या तोफांच्या मागे तो उभा आहे, गाठोडं काखेत घेऊन, आणि त्या फिरंग्यांना आता ओलिसांचं काय करायचं ते ठरवायचं आहे.

शाबान ९

गेली जहाजं. बंदरातली आमची गलबतं जाळून गेली, एखादं-दुसरं वाचलं. पिंपं रिकामी होत आली होती त्यांची, लोक म्हणतात. मस्कतला पाणी भरतील, मग पुढे.

एका कोळ्याने त्यांना जाताना जवळून पाहिलं. चौघंही ओलीस सुकाणूजवळ बांधलेले, जिवंत. एकाच्या काखेत गाठोडं होतं म्हणाला.

शहरात आनंदीआनंद आहे. जिंकलो म्हणे. पाण्याच्या होड्या रांगेने आल्या, लोक तोंडावर पाणी मारून घेत होते. मी प्यायलो आणि सगळं बाहेर पडलं.

शाबान १०

वजीरसाहेबांनी दरबार भरवला. मुलगा त्यांच्या उजवीकडे, नवा अंगरखा घालून. मला पुढे बोलावलं, मिठी मारली, डोळे पुसले. मोठ्याने म्हणाले, "याचं दुःख ते माझं दुःख. इमाद, माझं जे आहे ते सगळं तुझं. हा घोडा तुझा, हा वाडा तुझा, धक्क्यावरचं माझं गलबत तुझं. माग, काय हवं ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी छातीवर हात ठेवून म्हणायचं होतं, आपली कृपाच पुरे. हात छातीपर्यंत गेलाही होता.

मी म्हटलं, "गलबत घेतो."

ख्वाजा नेमतांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू मी भर दरबारात कपडे उतरवलेत. पण ख्वाजांचाच पुतण्या त्या जहाजावर आहे. थोड्या वेळाने त्यांनी मान खाली घातली. वजीरसाहेब हसले, मी हसलो नाही. ते वाट बघत होते की मी आता म्हणेन, थट्टा केली. मी म्हटलं, "खलाशांसह. उद्या सकाळी." इतक्या लोकांदेखत दिलेला शब्द, मागे कसा घेणार?

घरी आलो आणि दाराला अडसर घातला. वजीर माणूस विसरणारा नाही. इथे थांबलो तरी माझी धडगत नाही, आणि समुद्रावर तर मी मरतोच.

शाबान ११

हे गलबतावर लिहितो आहे. दोनदा ओकून झालं.

सकाळी माहरुखने मला समोर उभं केलं. स्वतः पेटीवर बसली, कप्तानासारखी, हातात पळी. "काय हवं?" म्हणाली.

"हुजूर, आपली कृपा असेल तर—"

"पुढचा," म्हणाली आणि तोंड फिरवलं.

पुन्हा उभा राहिलो. जिभेला सवयच नाही. "हुजूर" येतंच, आणि एकदा ते आलं की मागून बाकीचं सगळं येतं. तिने पळी आपटली. कितव्यांदा कोण जाणे, म्हटलं, "माझा भाऊ द्या." तिने मान डोलावली आणि रडायला लागली. ती आणि आई, दोघीही मस्कतला मी पोचेन की नाही हेही बोलल्या नाहीत, तो तिथे असेल की नाही हेही नाही. मीही नाही.

आई दारात उभी होती. दाराबच्या वेळी तांब्या होता; आज ती रांजणच सरकवत घेऊन आली होती, गोड्या पाण्याचा. मी गल्लीत उतरलो. मागे वळून बघायचं नसतं. पहिलं पाणी टाचांना लागलं, मग पावलांच्या पुढे गेलं.

मागून ती म्हणाली, "अजून ओतू?"

पाणी जपा, पुरे झालं, माझ्यासाठी कशाला, हे सगळं तोंडात तयार होतं.

मी म्हटलं, "ओत."